टर्बाइन हॉलमधले सिनेमे

सावळीरामला नीट ऐकू येत नाही हे अख्ख्या जेल रोडला ठाऊक आहे. फक्त सावळीरामला ते अजून पुरतं मान्य नाही. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या पॉवर हाउसात, टर्बाइन हॉलमध्ये ज्याने उभा जन्म काढला, त्याच्या कानांनी शेवटपर्यंत साथ द्यावी ही अपेक्षाच मुळात जास्तीची. तिथला आवाज असा, की शेजारच्याने बेंबीच्या देठापासून ओरडलं तरी नुसते ओठ हलताना दिसायचे. साहेब आला की कानांवर आवाज अडवणारे मफ चढवायचे आणि साहेब वळला की काढून गळ्यात अडकवायचे, कारण त्याने घाम येतो. या शहाणपणाचं फळ म्हणून आता सावळीरामच्या डाव्या कानात मशीन असतं. ते मधेच शिट्टी मारतं, म्हणून तो ते काढून शर्टाच्या खिशात टाकतो. मग त्याची बायको लताबाई खिशापाशी तोंड नेऊन म्हणते, "अहो, जेवायला येता का?"

पण माणूस गप्प बसत नाही. तोंड चालेना तर हात चालवतो. टर्बाइन हॉलमध्ये हातांची एक बोली होती. आधी ती कामापुरतीच होती: प्रेशर वाढलं, तेल गळतंय, व्हॉल्व्ह उघड, व्हॉल्व्ह बंद कर, साहेब येतोय. साहेबासाठी पोटावरून गोल हात फिरवायचा, मग साहेब काडीसारखा बारीक का असेना. या कामाच्या बोलीत सिनेमा घुसवला तो सावळीरामने आणि रंगनाथने.

रंगनाथ कळवणकडचा, सावळीरामच्या शिफ्टचा फिटर. दोघांची जात वेगळी, गाव वेगळं, देव वेगळे. म्हणजे सावळीरामकडे देव नाहीतच, बुद्धाचा फोटो आहे आणि बाबासाहेबांचा आहे. पण सिनेमाचं खूळ दोघांच्या डोक्यात एकाच मापाचं होतं. सुट्टीला सायकली मारत नाशिक रोडला यायचं. सावळीरामने तिकिटाच्या रांगेत उभं राहायचं, आणि डोअरकीपर ओळखीचा म्हणून रंगनाथने आधीच आत शिरून खुर्चीवर रुमाल अंथरायचा, वर तळहात ठेवून बसायचं. कोणी कितीही दमदाटी करो, सावळीराम येईपर्यंत तो हात उचलला जायचा नाही. रुमाल रंगनाथचा, रांग सावळीरामची, हे वाटप कधी बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी शिफ्टला मशीनच्या अलीकडे-पलीकडे उभं राहून, ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी अख्खा सिनेमा हातांनी व्हायचा. कानाजवळ मूठ गोल फिरवली की सिनेमा. डोक्यावर पदर ओढला की आई, मिशीवर बोट ठेवलं की व्हिलन, दोन मुठी एकमेकींवर आपटल्या की हाउसफुल्ल. आणि शेवटी मत. मताची खूण सावळीरामने स्वतः बनवली होती. दोन्ही हातांनी हवेत व्हॉल्व्हचं मोठं चाक धरायचं आणि फिरवायचं. उघडलं तर सिनेमा चांगला, फुल लोडवर चालू द्या. आवळलं तर बंद करा, वाफ फुकट चालली आहे. दोघांचं मत क्वचितच जुळायचं. एकाने चाक उघडावं, दुसऱ्याने समोरून ते आवळावं, असं चालायचं आणि बाकीचे पोट धरून हसायचे.

निवृत्तीनंतर दोघांनी जेल रोडला हाकेच्या अंतरावर घरं घेतली. आता हाक सावळीरामला ऐकू येत नाही हा भाग सोडा. मोठी थिएटरं पडली, मॉलमधली आली, खुर्च्यांना नंबर आले, पण रंगनाथ सावळीरामच्या खुर्चीवर रुमाल टाकायचा तो टाकायचाच. पडद्यावर कोणी महत्त्वाचं बोललं की पडद्याच्याच उजेडात तो सावळीरामला हातांनी सांगायचा. मागचे लोक वैतागायचे. सिनेमा सुटल्यावर बुधा भेटायचा. हा कोळसा विभागातला त्यांचा जुना दोस्त, याला जगात वाईट सिनेमा माहीतच नव्हता. मग टपरीवर चहा आणि भांडण.

मागच्या वर्षीचा एक पोलिसांचा सिनेमा होता, त्यावरून असंच पेटलं होतं.

"लय भारी," बुधा म्हणाला. "शेवटाला यकट्यानं सगळी टोळी झोपवली राव."

"आणि त्याच्या दोस्तानं गोळी लागल्यावर केवढं भाषण केलं," रंगनाथ म्हणाला. "मरायला इतका वेळ मिळत असता तर डॉक्टरांचं काम सोपं झालं असतं."

"मला नाय वाटलं तो काय जास्त बोलला," सावळीराम म्हणाला.

"तुला नाहीच वाटणार. तुझं मशीन कुठंय?"

मशीन खिशात होतं. तो सिनेमा अर्धाच संपला होता. मिशीवाला व्हिलन निसटला होता आणि दुसरा भाग पुढच्या वर्षी येणार होता. रंगनाथचं म्हणणं पडलं, की पहिल्या भागावर मत द्यायचंच नाही, दुसरा पाहून एकदम द्यायचं. तेवढ्यापुरतं तिघांचं एकमत झालं.

दिवाळीनंतर रंगनाथला लकव्याने गाठलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं शाबूत आहे असं डॉक्टर म्हणाले, पण ते कळायचं कसं? त्याची बायको कुसाबाई आधीच गेली होती. मुलगा दीपक पुण्याला नोकरीत. आला-गेला जो तो कॉटपाशी वाकून मोठमोठ्याने बोलायचा. वाचा गेलेल्या माणसाशी लोक बहिऱ्यासारखं का बोलतात कोण जाणे.

सावळीराम दवाखान्यात भेटायला गेला. तो कॉटपाशी उभा राहिला. तेवढ्यात डॉक्टर खोलीत शिरले, चांगले काटकुळे होते, आणि रंगनाथचा डावा हात चादरीखालून निघून हळूच पोटावरून गोल फिरला. साहेब येतोय. सावळीराम फस्सकन हसला आणि मग बाहेर व्हरांड्यात जाऊन रडला. इतक्या दिवसांत त्या माणसाशी कोणी बोललं नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं.

तेव्हापासून रविवार ठरून गेला. सावळीराम बुधाबरोबर सिनेमा पाहायचा आणि तिथून थेट रंगनाथच्या घरी. पाहिलेला सिनेमा कॉटपाशी हातांनी व्हायचा. खरी गंमत अशी, की सांगणाऱ्याने तो धड ऐकलेला नसायचा. रंगनाथ डाव्या हाताने विचारायचा, बहिणीने घर का सोडलं? सावळीरामला ठाऊक नसायचं. बुधाला विचारावं तर बुधा म्हणायचा, "सोडलं बुवा. पण नंतरची फायटिंग लय भारी." मग सावळीराम मनचं काहीतरी जुळवून सांगायचा आणि रंगनाथ अशा नजरेने पाहायचा, की पुढच्या वेळी मशीन कानात घालून जावं लागायचं.

मत मात्र रंगनाथच द्यायचा, न पाहिलेल्या सिनेमावर. तिथे अडचण होती. चाकाला दोन हात लागतात आणि त्याचा एकच होता, तोही थरथरणारा. एकटा हात हवेत वर जायचा, लगेच खाली यायचा. उघडतोय की आवळतोय, काही समजायचं नाही. सावळीरामने तोडगा काढला. तो कॉटवर रंगनाथच्या उजव्या अंगाला बसायचा आणि आपला उजवा हात पुढे करायचा. चाकाची डावी कड रंगनाथने धरायची, उजवी सावळीरामने, खांद्याला खांदा लावून. मग रंगनाथच्या अंगातून जोर कुठे जातोय ते आपोआप खांद्याला समजायचं आणि दोघं मिळून चाक फिरवायचे. बहुतेक वेळा रंगनाथ आवळायचाच. लकव्याने त्याचं मत काही मऊ केलं नव्हतं.

दीपकला दोष द्यावा असं सावळीरामला फार वाटायचं, पण दोष सापडत नव्हता. पोरगा दर आठवड्याला गाडी हाकत यायचा. बापाचं अंग पुसायचा, नखं काढायचा, सोमवारी पहाटे परत ऑफिसला. सांभाळायला ठेवलेली माणसं टिकत नव्हती. एकाने रंगनाथला तसाच ओल्यात ठेवून घराला कडी लावली आणि गेला तो गेलाच. त्या दिवसानंतर दीपकने ठरवलं, की बाबांना पुण्याला न्यायचं.

"त्याला यायचं नाय," सावळीराम म्हणाला.

"मला माहितीय, काका."

"त्यानं मला सांगितलं. रिलीव्हर आला नाय म्हणतो."

"म्हणजे?"

सावळीरामने समजावून सांगितलं. शिफ्ट संपली तरी आपल्या जागी दुसरा आल्याशिवाय पॉवर हाउसातला माणूस जागा सोडत नाही. दुसरा नाही आला तर तिथेच उभा राहतो. रंगनाथ मनगटावर बोट आपटून मान हलवत होता, त्याचा अर्थ एवढाच, की मी इथून हलणार नाही.

दीपकने हातातली गाडीची किल्ली खाली ठेवली. मग म्हणाला, "मी काय करू, तुम्हीच सांगा. नोकरी सोडू? तुमची सून पूजा पण नोकरी सोडायला तयार आहे, पण मग खायचं काय?"

"आमच्याकडं राहू दे त्याला. मी हाये, लता हाये."

हे बोलताना सावळीरामने लताबाईकडे पाहिलं. लताबाईने आजवर रंगनाथभाऊजींना डबे पोचवले होते, त्यांची आजारपणं काढली होती. त्या बाईला मन नाही असं कोणी म्हणणार नाही. पण तिने खरं तेच सांगितलं. "अहो, परवा गॅसची टाकी सरकवताना तुमची कंबर धरली. भाऊजींना कुशीवर कोण वळवणार? आपल्याच्यानं नाही होणार."

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी सगळ्यांचीच गत झाली होती. सावळीरामला एकच गोष्ट आतून पोखरत होती. पुण्यात रंगनाथला वेळेवर गोळ्या मिळतील, मऊ गादी मिळेल, नातवंडं दिसतील. पण त्याचा हात वाचणारं तिथे कोणी नव्हतं. तिथे तो खरोखरच मुका होणार होता. त्याने दीपकला खुणा शिकवायचा प्रयत्नही केला. दीपक मन लावून शिकला, पाणी, दुखतंय, संडास, गार वाटतंय. त्यापुढे त्याला वेळ नव्हता, आणि त्यापुढचंच तर सगळं बोलणं होतं.

न्यायचा दिवस उजाडला तोही रविवारच. दीपक गाडी घेऊन आला, बिल्डिंगमधली दोन माणसं उचलायला आली. रंगनाथला खुर्चीत बसवून दारापर्यंत आणलं आणि तिथे त्याच्या डाव्या हाताने खिडकीचा गज पकडला. लकव्याच्या माणसात एवढा जोर कुठून येतो? दीपक एकेक बोट सोडवत होता आणि सुटलेलं बोट परत गज पकडत होतं. रंगनाथच्या घशातून एक आवाज निघत होता. सावळीरामच्या कानात मशीन नव्हतं, पण तो आवाज त्याला ऐकू आला, कारण तो सगळ्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होता. दीपकचे डोळे गळत होते आणि हात बापाची बोटं उचकटत होते. गजाला रक्ताचा डाग लागला.

सावळीरामने काही ठरवलं नव्हतं. त्याचा हात आपसूक वर गेला आणि कानाजवळ मूठ गोल फिरली. सिनेमा. मग मिशीवर बोट, मग दोन बोटं वर. त्या व्हिलनचा दुसरा भाग. शुक्रवारीच लागला होता, हे मात्र खरं होतं.

रंगनाथने गज सोडला.

तो सावळीरामकडे बघत राहिला. मग वाकड्या तोंडाने हसला आणि स्वतःच्या छातीवर, शर्टाच्या खिशावर, चापटी मारली. हे तिथे उभ्या असलेल्या लताबाईलाही कळलं. तिने कपाटातून धुतलेला रुमाल काढून त्याच्या खिशात नीट बसवला आणि तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात निघून गेली.

कोणी म्हणेल ही फसवणूक झाली. झालीच. पण ज्याने ती बोटं उचकटली जाताना पाहिली नाहीत, त्याने यावर मत देऊ नये.

गाडीत सावळीराम मागे रंगनाथच्या शेजारी बसला. रंगनाथ खुशीत होता. इतक्या महिन्यांनी तो रस्ता पाहत होता. बिटको चौक आला तेव्हा त्याने सावळीरामला कोपराने ढोसून जुन्या थिएटरची जागा दाखवली, जिथे आता कपड्यांचं दुकान आहे, आणि हवेत मूठ आवळून 'बंद' असं दाखवलं. सावळीराम मान डोलावत राहिला. आरशातून दीपक त्याच्याकडे पाहत होता. ऐकू येत नसलं तरी ओठ वाचता येतात. "काका, थिएटर पुढे डाव्या हाताला आहे. तिथं उतरता का?"

गाडी थांबली. सावळीराम उतरला आणि दारात वाकून, जशी वर्षानुवर्षं केली तशी खूण केली. मी रांगेत जातो, तू जागा धर. रंगनाथने खिशातून रुमाल ओढला, एका हाताने झटकला, शेजारच्या सीटवर अंथरला आणि वर तळहात ठेवला. सावळीरामने दार लावलं. गाडी सिन्नर फाट्याकडे, पुण्याच्या रस्त्याला निघाली आणि तो थिएटरच्या पायऱ्यांपाशी उभा राहिला. वॉचमनने दोनदा हटकलं तेव्हा घरी आला.

जेवण झालं नाही. दुपार कलली तेव्हा लताबाईचा मोबाइल वाजला. दीपकचा व्हिडिओ कॉल होता, संगमनेरच्या पुढे कुठेतरी एका हॉटेलपाशी गाडी उभी होती. लताबाई दीपकचं प्रत्येक वाक्य सावळीरामच्या कानाशी मोठ्याने परत म्हणत होती.

"तो म्हणतो, औषधांची पिशवी सीटवर ठेवायचीय. भाऊजी ठेवू देत नाहीत. रुमालावरचा हातच उचलत नाहीत. पाणी पाजायला तो शेजारी बसायला गेला तर त्याला पण ढकललं. विचारतो, काय झालंय त्यांना?"

सावळीरामने लताबाईकडे पाहिलं. "म्हणावं, जागा धरलीय. माझी."

लताबाईने ते सांगितलं. पडद्यावर दीपकने तोंड फिरवलं. मग त्याने मोबाइल बापाच्या समोर धरला.

रंगनाथ दिसला. खिडकीबाहेर ऊन होतं, उसाचा मळा होता. सिनेमाचं थिएटर नाही हे त्याला केव्हाच उमगलं असणार. त्याने सावळीरामला पाहिलं आणि भुवया वर केल्या. तिकिटं? एवढंच विचारत होता.

सावळीरामने दोन मुठी वर केल्या आणि एकमेकींवर आपटल्या. हाउसफुल्ल. दुसरं काय सांगणार होता तो?

रंगनाथ त्या मुठींकडे पाहत राहिला. मग त्याने रुमालावरचा हात उचलला, सावकाश हवेत नेला आणि चाकाची डावी कड धरली. धरली आणि थांबला. उजवीकडे वळून पाहिलं, तिथे सीटवर नुसता रुमाल होता. मग परत समोर पडद्यात पाहू लागला.

मत द्यायला तो दुसऱ्या हाताची वाट पाहत होता. सावळीरामचा उजवा हात झपकन पुढे गेला आणि मोबाइलच्या काचेवर आपटला. लताबाईच्या हातून मोबाइल पडता पडता राहिला.

"तो विचारतोय, बाबा काय म्हणतायत?" लताबाई म्हणाली.

ही खूण सावळीरामनेच बनवली होती. पण चाक उघडायचंय की बंद करायचंय, हे लकव्यानंतर त्याला खांद्याला खांदा लागल्याशिवाय कधीच कळलं नव्हतं, आणि खांदा संगमनेरच्या पुढे गेला होता.

"नाय कळलं म्हणावं," तो म्हणाला.

पडद्यावर रंगनाथचा हात अजून तसाच वर होता.